उजवा कच्चा आहे

परवा संध्याकाळी भांडुपला एलबीएस रोडवर एका अनोळखी गृहस्थांनी माझी स्कूटर मागून धरली, अर्धवर्तुळात फिरवली आणि तिचं तोंड घाटकोपरकडे करून दिलं. त्या वेळी मी स्कूटरवर बसलेलो होतो. हेल्मेटसकट, इंजिन चालू. वर मी त्यांना "थँक्यू काका" म्हणालो, ते मला अजून पचलेलं नाही.

झालं होतं इतकंच की सोनापूरच्या अलीकडे यू-टर्न घ्यायचा होता. मेट्रोच्या पत्र्यांनी रस्ता खाल्लेला, उरलेल्यात पेव्हर ब्लॉक उचकटलेले, समोरून डंपर. मी वळायला घेतलं, अर्ध्यावर पाय टेकला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकला. मागे हॉर्न सुरू झाले. मुंबईत असं दर मिनिटाला कुणाचं तरी होतं आणि कुणी मान वळवून बघत नाही. पण पलीकडच्या कडेला एक पानाची टपरी आहे, टपरीशेजारी प्लास्टिकचं स्टूल आहे, आणि त्या स्टुलावर काका बसलेले होते.

"टेकला!" खो-खोच्या पंचाच्या आवाजात काका ओरडले.

"कुठला?" टपरीवाल्यानं चुना लावता लावता विचारलं. म्हणजे हा कार्यक्रम रोजचा होता.

"डावा. हँडल उजवीकडे आणि पाय डावा! म्हणजे याचा उजवा कच्चा आहे." मग थेट मला, "साहेब, तुमचा उजवा कच्चा आहे."

आता हे खरं असलं तरी चारचौघांत सांगायची गोष्ट आहे का? दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाची एक बाजू लाडकी असते आणि एक सावत्र. जगभर असते. अमेरिकेत गाड्या उजव्या कडेनं चालतात, त्यामुळे तिथलं आखूड, कडेला चिकटलेलं वळण उजवं. आपल्याकडे तेच डावं. म्हणजे हिशेबानं मला भीती डाव्याची वाटायला हवी, उजवं कसं ऐसपैस! पण माझं शरीर हिशेबानं चालत नाही. स्टँड डावीकडे, चढणं-उतरणं डावीकडून, सिग्नलला पाय डावा. उजवीकडे हँडल पूर्ण वळवलं की ॲक्सिलरेटरची मूठ पोटाशी येते, कोपराला जायला जागा उरत नाही आणि मनगट आपोआप पिळलं जातं. नेमकं जिथे हळू जायचं तिथेच गाडी उसळी मारते. मोटारसायकलवाल्यांची आणखी पंचाईत: मागचा ब्रेक उजव्या पायाशी, म्हणजे तो पाय टेकला की ब्रेक गेला. लायसन्सच्या परीक्षेत आठाचा आकडा काढायला लावतात तो याचसाठी, दोन्ही बाजू तपासायला. माझ्या वेळच्या साहेबांनी आठाचा पहिला वळसा पाहिला आणि सही करायला मान खाली घातली. पहिला वळसा डावा होता.

हे सगळं काकांना सांगायला वेळ नव्हता, कारण काकांनी चौकशी सुरू केली होती.

"जेवता कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"लिहिता?"

"उजव्याच. काका, मागे गाड्या..."

"झोपता कुठल्या कुशीवर?"

मागे टेम्पो, रिक्षा आणि शाळेची बस मिळून बोंबलत होते. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस उत्तर देणार नाही. मी विचार केला आणि म्हणालो, "डाव्या."

"हां!" काका अख्ख्या एलबीएसला उद्देशून म्हणाले. "रात्रभर अंग डावीकडे. आणि दिवसा उजवीकडे झुक म्हटलं तर कसं झुकेल ते?"

टपरीवाल्यानं मान डोलावली. पान खायला आलेले दोघंही मान डोलावू लागले. त्यातला एक हळूच म्हणाला, "मी पालथा झोपतो." त्याच्यावरही काका काहीतरी बोलणार होते, पण मी मध्ये पडलो. माझी अब्रू जायचीच होती, निदान शास्त्राचा आधार घेऊन जावी असं वाटलं. मी हेल्मेटची काच वर केली आणि म्हणालो की काका, कुशीचा संबंध नाही. वेगात असताना दुचाकी डावीकडे वळवायची तर हँडल आधी किंचित उजवीकडे ढकलावं लागतं, मग ती डावीकडे झुकते. आपण सगळे नकळत तेच करतो. विल्बर राइटनं सायकलच्या बाबतीत हे केव्हाच सांगून ठेवलंय.

"कोण?"

"राइट बंधू. विमानवाले. त्यांचं सायकलचं दुकान होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर आकाशाकडे पाहिलं. "त्यांच्यासमोर डंपर होता?"

"नव्हता."

"मग ते आपल्याला सांगू नका. आपण बेस्टला होतो. डबल डेकर चालवलीय, जुनी, ती 2023 ला बंद केली ना, ती. उजवं वळण असं मारायचं की वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाची झोपमोड होता कामा नये."

"आणि झाली तर?" टपरीवाल्यानं विचारलं. प्रश्न ठरलेला असावा.

"तर त्याचा स्टॉप आलेला असायचा."

इथे सगळे हसले. मीही हसलो, ही माझी जुनी खोड आहे. माझी कुणी टर उडवत असलं की मीच आधी हसतो. घरी आल्यावर रात्री दीड वाजता उत्तर सुचतं.

काकांना आता साक्षीदार हवा होता. माझ्या मागे अडकलेल्या रिक्षाकडे त्यांनी बोट केलं. "ए भाऊ, तुला कुठलं वळण आवडतं रे?"

"शीट सांगेल ते," रिक्षावाला म्हणाला. साताऱ्याकडचा असावा.

"अरे, तुला स्वतःला?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसणार. त्यानं हॉर्नवरचा अंगठा काढला आणि खरोखर विचार केला. "डावं," तो म्हणाला. "रिक्षा काय झुकत न्हाई. आपण डावीकडं वळलो की शीट उजवीकडं फेकली जाती. तिकडं दांडी आसती, शीट आडती. उजवीकडं वळलो की शीट डावीकडं, ती बाजू उघडी. मागं एका बाईंची मेथी गेली रस्त्यावर."

मला त्याला मिठी माराविशी वाटली. तीन चाकांचा माणूसही डाव्याच्या बाजूचा निघाला, तोही सकारण! पण रिक्षातल्या प्रवाशानं डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "मीटर चालू आहे इथं माझा! ह्याला आधी वळवा ना कुणीतरी!"

"मला घाई न्हाई," रिक्षावाला म्हणाला.

पण काका उठले होते. स्टुलावरून उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे सत्तरीच्या पुढचे असणार. ते माझ्या मागे आले, सीटमागची दांडी धरली आणि म्हणाले, "पाय वर घ्या. हँडलला हात लावू नका. काहीच करू नका." मी काहीच केलं नाही. इतक्या आज्ञाधारकपणे मी ऑफिसातसुद्धा वागत नाही. गाडी फिरली. काकांनी पाठीवर थाप मारली आणि मागच्यांना हात दाखवला, "चला, सोडा यांना." चौथीतल्या एका पोरानं शाळेच्या बसमधून मला टाटा केला.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मी मागे असते तेव्हा तर तू उजवीकडे नीट वळतोस." हे खरं आहे आणि त्यालाही कारण आहे. ती साडी नेसली की एका बाजूला बसते, दोन्ही पाय डावीकडे. आपल्या देशात मोटारसायकलच्या डाव्या अंगाला साडी गार्ड असतं ते त्याचसाठी. तेव्हा उजवीकडे झुकताना मी तिच्या पायांचा भार तोलत असतो, म्हणजे कामात असतो, म्हणून घाबरायला फुरसत नसते. हे मी तिला समजावून सांगितलं. "म्हणजे मी ओझं आहे," ती म्हणाली, आणि तो विषय वेगळ्याच वळणाला लागला, जे डावंही नव्हतं आणि उजवंही.

सासूबाईंचं म्हणणं, देवळात प्रदक्षिणा घालताना आपण जन्मभर उजवीकडेच वळतो, मग रस्त्यावर काय होतं? आता देवळात डंपर नसतो हे काकांचंच वाक्य मी त्यांना ऐकवू शकलो असतो. पण धावण्याच्या शर्यती, अमेरिकेतल्या मोटारींच्या गोल शर्यती सगळ्या डावीकडे वळत चालतात, असं मी म्हणालो. "म्हणूनच ते कुठे पोचत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

हसून झालं. पण राग काकांवर नाही, हे मला दोन रात्री कूस बदलून (दोन्ही) कळलं. दुचाकीवाल्यानं डावी कड धरावी, असं सगळे सांगतात. धरतो. त्या डाव्या कडेला बस थांबते, रिक्षा थांबते, उभ्या गाडीचं दार न बघता उघडतं, गटाराचं झाकण दोन इंच खाली असतं, पावसात सगळं पाणी तिथेच येतं. आणि उजवीकडे वळायचं तर त्या कडेपासून दुभाजकापर्यंत सगळा रस्ता तिरका कापायचा, अंगावर येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवत, तोही डावा, कारण उजवा मुठीवर अडकलेला. मग तिथे पोचल्यावर म्हणायचं, याचा उजवा कच्चा आहे!

आणि जिथे वळणं चांगली, रस्ता गुळगुळीत, तिथे आम्हाला घेतच नाहीत. सी लिंक 2009 ला झाला, दुचाकीला बंद. जेजेचा उड्डाणपूल 2002 चा, तिथल्या वळणांवर अपघात होतात म्हणून 2010 पासून दुचाकीला बंद. वळण तसंच राहिलं, आम्ही खाली आलो. कोस्टल रोड, अटल सेतू, 2024 मध्ये उघडले, दुचाकी आणि रिक्षा तिथेही बंद. कर आम्हीही भरतो. सुरक्षेसाठी आहे म्हणतात. असेल. पण मग उरलेल्या एलबीएसवर आमच्या सुरक्षेचं काय करायचं ते पत्रे लावताना कुणाच्या डोक्यात आलं होतं, ते मला एकदा ऐकायचं आहे. यू-टर्नला एक वॉर्डन ठेवता आला असता. सध्या ते काम एक निवृत्त ड्रायव्हर स्टुलावर बसून फुकट करतो.

अमेरिकेत यूपीएस नावाची पार्सल कंपनी आहे. ती आपल्या गाड्यांना शक्यतो डावीकडे, म्हणजे तिकडच्या अवघड बाजूला, वळूच देत नाही. उजवी-उजवी घेत जातात आणि तरी वेळेत पोचतात. मला ते पटलं. आपल्याकडे उलट करायचं: एका उजव्याऐवजी तीन डावी. काल घरी येताना तो यू-टर्न टाळून तेच केलं. पहिल्या डाव्यावर वन-वे निघाला, मग पुढची गल्ली घेतली. दुसऱ्यावर कुणाच्या तरी हळदीचा मांडव भर रस्त्यात होता, तिथून पुढे काढून दिलं. तिसऱ्या डाव्यानं मला गाढव नाक्यावर आणून सोडलं.

तिथून आमच्या घरी जायला उजवीकडे वळावं लागतं.