आधी मध्यस्थी शिकवणारे प्राध्यापक हवेत

फ्रँक सँडर यांच्या कारकिर्दीवरचा तुमचा लेख वाचला, मनापासून आवडला. हार्वर्डमध्ये कायदा शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने अमेरिकेतल्या न्यायव्यवस्थेवरच्या १९७६ च्या पाउंड परिषदेत मांडलं, की न्यायालयाला अनेक दारं हवीत. कुठला तंटा खटल्याने, कुठला लवादाने, कुठला मध्यस्थीने सुटेल ते आधी पाहावं.

गोव्यात यातल्या मध्यस्थीच्या दाराची फार गरज आहे. आमच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी समान वारस, आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर जोडीदारही निम्म्याचा मालक. हे न्याय्यच आहे. पण एका घराच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या प्रक्रियेत, म्हापशाचा भाऊ, लिस्बनची बहीण, त्यांचे जोडीदार असे सगळेच येतात. वाटे कायद्याने पडतील, पण वाटणीनंतर चवथीचा गणपती कुठे बसवायचा, हे न्यायाधीशांनी कसं ठरवावं? त्याला समोरासमोर बसूनच बोलावं लागतं.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात अशा समझोत्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ देण्याची तरतूद आहे. पण रागावलेल्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेणं कलमं वाचून येत नाही, त्याचा सराव लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून तो पहिल्या वर्षापासून करून घ्यावा, आणि उदाहरणं इथल्या भाटांची (माडांच्या बागांची), मुंडकारांची (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांची), देवळातल्या मानपानाची घ्यावीत.