‘मुलीचं लवकर लग्न लावा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: गरिबांच्या मुली मोबाइलमुळे बिघडल्या, प्रेमप्रकरणांतून कोवळ्या वयात गरोदर राहू लागल्या, त्या लोकांत तशी रीतच आहे, तेव्हा शहाण्या आईबापांनी वेळेत लग्न उरकावं, म्हणजे मुलगी सुरक्षित. बीड-परभणीकडच्या ऊसतोड कुटुंबांबद्दल तर हे सर्रास बोललं जातं.

‘मोबाइलमुळे प्रमाण वाढलं.’ वाढलेलं नाही, घटलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या 15 ते 19 वयाच्या, आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली 2005-06 मध्ये 16 टक्के होत्या. 2015-16 मध्ये 7.9 आणि 2019-21 मध्ये 6.8 टक्के. स्मार्टफोन घरोघरी पोचला तो याच काळात. अविवाहित मुलींची गर्भारपणं लपवली जातात हे खरं, पण नोंद होते त्या मुली जवळजवळ सगळ्या लग्न झालेल्या असतात. म्हणजे मेसेज ज्याला औषध म्हणतो, दुखणं तिथूनच सुरू होतं.

‘त्या लोकांत रीतच आहे.’ रीत असती तर शाळेनं इतका फरक पडला नसता. त्याच सर्वेक्षणात शाळेची पायरी न चढलेल्या 18 टक्के मुली या वयात आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, बारा वर्षं शिकलेल्या 4 टक्के. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के, परभणीत मात्र 48 आणि बीडमध्ये 43.7. हा फरक समजायचा तर ऊसतोडीचा हिशेब बघावा लागतो.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती जोडीला. एकट्या माणसाचा अर्धा कोयता धरतात. कारण काम दोघांचं आहे. एकानं बुडख्यातून ऊस तोडायचा, पाचट काढायचं. दुसऱ्यानं वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, मोळी बांधायची. मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. दोघांचे मिळून दिवसाला साधारण दोन टन होतात. 2024 च्या दरवाढीनंतरचा टनाला 366 रुपये दर धरला तर सव्वासातशेच्या आसपास, आणि तेही आधी उचलीपोटी वळते होतात. अशा घरात पोराचं लग्न झालं की एक पूर्ण कोयता वाढतो. मुलाकडच्यांची घाई तिथून येते.

मुलीकडच्यांची अडचण वेगळी. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, मोफत शिक्षणाचा हक्कही चौदाव्या वर्षी संपतो. आईबाप दिवाळीच्या सुमारास निघतात ते पाच-सहा महिन्यांनी परततात. मुलीला मागं ठेवावं तर घरात थकलेली आजी. सोबत न्यावं तर उसाच्या फडाजवळची कोपी, म्हणजे झोपडी: दार नाही, संडास नाही, आंघोळ साडीच्या आडोशाला. शिवाय मुलगी लहान तर हुंडा कमी, आणि दोघी बहिणींना एकाच मांडवात उजवलं तर जेवणावळ एकच. या आईबापांना निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे. ते मुलीच्याच काळजीनं चुकीचा निर्णय घेतात, कारण दुसरा पर्याय कुणी त्यांच्यापुढे ठेवलेलाच नसतो.

‘लग्न झालं म्हणजे मुलगी सुरक्षित.’ देशात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यात वर्षभरात पाळणा हलावा ही सासरची अपेक्षा. गरोदरपणाची नोंद पहिल्या 12 आठवड्यांत व्हायला हवी, पण इथंच घोळ होतो. मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. पत्नी अठराखालची असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये स्पष्ट केलंय. त्या भीतीनं घरचे वय 19 सांगतात किंवा कळा सुरू होईपर्यंत दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. मग रक्तदाब मोजला जात नाही, हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलेलं बाळंतपणाच्या टेबलावर कळतं. बाळ अडीच किलोच्या आत भरतं ते वेगळंच.

‘पोलीस बोलावले की प्रश्न मिटला,’ असं बालविवाहाला विरोध करणाऱ्यांनाही वाटतं. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन जरूर करा. गावात ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचे ग्रामसेवक) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. वयासाठी आधार कार्डावर जाऊ नका. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद बघा. पण नुसतं हमीपत्र घेऊन सोडलं की तेच लग्न दुसऱ्या गावात, मोजक्या माणसांत, रात्री लागू शकतं. त्यासाठी 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यातलं कलम 13 वापरा: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्यायचा. तो मोडून लावलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच रद्दबातल ठरतं.

आणि हुकूम मिळाल्यावर त्या मुलीनं राहायचं कुठं? हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, म्हणून मुलींची यादी सप्टेंबरात तयार हवी आणि वसतिगृह टोळी निघण्याआधी उघडायला हवं. मंजुरी डिसेंबरात आली, तर तोवर मुलगी कोपीत पोचलेली असते, नाहीतर सासरी.