सहा लाखांच्या बाटलीला कुणी विचारत नाही

दर एप्रिलला आमच्या फॅमिली ग्रुपवर 'औषधं महागली' हा फॉरवर्ड ठरलेला. २०२४ मध्ये बारा टक्क्यांचा आकडा फिरत होता. औषधांच्या किमतींवर नजर ठेवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेने घाऊक किंमत निर्देशांकावरून दिलेली खरी वाढ होती ०.००५५१ टक्के. म्हणजे शंभर रुपयांवर जेमतेम अर्धा पैसा!

दोन रुपयांच्या पॅरासिटामॉलचा हिशोब इतक्या बारकाईने होतो, कारण ती जीवनावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीने वर्षाला दहा टक्क्यांवर वाढवायची नाही, एवढंच बंधन. पहिली किंमत काय लावायची, ते कंपनीच्या मर्जीवर. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या गोळ्या आणायला गेले तर मेडिकलवाल्याने न मागता चाळीस टक्के कमी केले. घरी येऊन स्ट्रिपवरचा एमआरपी बघत बसले. ही किंमत मग छापली कुणासाठी? रात्री दोन वाजता हॉस्पिटलमधल्याच मेडिकलसमोर उभं राहणाऱ्यासाठी, दुसरं कोण.

पण खरी मेख पॅरा ३२ मध्ये आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशातल्या या पॅरात नियंत्रणातून पाच वर्षांची माफी होती ती इथल्या संशोधनातून निघालेल्या पेटंटेड औषधाला. ते मला पटतं. जानेवारी २०१९ मध्ये 'इथलं संशोधन' ही अटच काढली आणि दुर्मीळ आजारांवरची औषधंही माफीत घातली. गंमत बघा, पुढच्याच महिन्यात याच सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांचं ट्रेड मार्जिन, म्हणजे कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्या मधल्या विक्रेत्यांचा नफा, ३० टक्क्यांवर बांधलं. म्हणजे मनात आणलं की जमतं.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुर्मीळ आजारावरचं रिस्डिप्लाम घ्या. पेटंटवाल्या रोश कंपनीची बाटली सुमारे ६ लाखांची, आणि मुलाच्या वजनाप्रमाणे वर्षाला अशा कितीतरी लागतात. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटको या भारतीय कंपनीच्या जेनेरिकला अडवायला नकार दिला आणि त्याच औषधाची बाटली १५,९०० रुपयांना आली. हे झालं पेटंटच्या भांडणातून. किमतीवर नजर ठेवायला बसवलेल्या संस्थेचा यात काही संबंधच आला नाही, कारण पॅरा ३२.

संशोधनाला पैसा लागतो, मान्य. माफी द्या की. पण मागणाऱ्याने खर्चाचे कागद आणि इतर देशांतली किंमत समोर ठेवावी, आणि दरवर्षी नव्याने मागावी. आमच्या सोसायटीत पार्किंगची सवलतसुद्धा दर मार्चला अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.