हार गाडीला, हेल्मेट आरशाला

आज सकाळी एका जुन्या मित्राने आपल्या मुलाच्या नव्या गाडीचे छायाचित्र टाकले. हजार सीसीची, दोनशेच्या आसपास अश्वशक्तीची गाडी, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि शेजारी नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला, मी ज्याला रांगताना पाहिले आहे तो मुलगा. हेल्मेट नव्हते असे नाही. ते डाव्या आरशाला अडकवलेले होते. मी खाली एवढेच लिहिले, की अभिनंदन, आता ही गाडी चालवायला तो कुठे शिकणार आहे? दुपारी मित्राचा फोन आला. शुभप्रसंगी असे अपशकुनी बोलू नये, असे त्याने मला सुनावले आणि मुलगा आठवीपासून स्कूटर चालवतो आहे, हेही वर अभिमानाने सांगितले.

तेव्हापासून डोके तापलेले आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आठवीपासून स्कूटर चालवणे ही पात्रता नव्हे, तो गुन्हा आहे. पण ते सोडा. शंभर सीसीच्या, जेमतेम आठ अश्वशक्तीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला, की आपल्याकडे जो परवाना मिळतो, त्याच परवान्यावर ही पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभरच्या पुढे जाणारी गाडीही चालवता येते. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतच्याच, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीच्या, गाडीचा परवाना मिळतो. त्याहून मोठ्या गाडीसाठी दोन वर्षे थांबून पुन्हा परीक्षा द्यावी लागते, नाहीतर चोविसाव्या वर्षाची वाट पाहावी लागते. तिथली मुले काही कमी हौशी नसतात. आपल्याकडे मात्र ही पायरी घालून देण्याचे काम कायद्याने बापावर सोडले आहे, आणि बाप पेढे वाटतो आहे.

मी हे कोणत्या अधिकाराने बोलतो, असे विचाराल, तर ताम्हिणीच्या अधिकाराने. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, म्हणजे अक्कल आलेली असायला हवी अशा वयात, मी या गाडीच्या पावपट ताकदीच्या गाडीवर घाट उतरत होतो. पुढे दोन मित्र होते, दोघेही माझ्याहून तरबेज, आणि त्यांच्या मागचे दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, एवढे एकच मी मनाशी धरले होते. एका डाव्या वळणात मी वेगाने शिरलो, वळण पुढे अधिक आवळत गेले, आणि माझी नजर समोरच्या कडेच्या, चुना लावलेल्या दगडावर खिळली. मी मागचा ब्रेक दाबला. चाक अडकले, गाडी सरळ झाली, समोरून येणाऱ्यांची बाजू ओलांडून गेली आणि नेमकी त्या दगडावर जाऊन आदळली. जवळपास मिनिटभराने समोरून एसटी आली. गळपट्टीचे हाड मोडलेला मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो, कंडक्टरने खाली उतरून पाणी पाजले, आजूबाजूला पाहिले आणि खऱ्या कुतूहलाने विचारले, “साहेब, एवढा रस्ता मोकळा असताना दगडाकडंच का आलात?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली. माणूस जिकडे पाहतो तिकडेच गाडी जाते, आणि घाबरलेला माणूस नेमका ज्याची भीती वाटते तिकडे पाहतो, हे ते उत्तर आहे. वळण जिथे संपते तिथे नजर पोहोचवायची असते, वेग वळणाच्या आधीच उतरवायचा असतो, आणि डावीकडे झुकायचे असेल तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची असते. हे तिसरे ऐकायला उफराटे वाटते, म्हणून ते कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. पुढच्या ब्रेकचेही तसेच. आपल्या घराघरांत “पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील” हेच शिकवलेले असते. खरे तर थांबताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी प्रामुख्याने तेच थांबवते, फक्त लिव्हर एकदम आवळायची नसते, आधी हलकेच घेऊन मग दाब वाढवत न्यायचा असतो. हे डोक्याला कळून उपयोग नाही, बोटांना कळावे लागते.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, आहे ना, असे मित्र म्हणाला. आहे, आणि २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचे आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे गणित कोणतेही यंत्र बदलत नाही. ताशी शंभरने धावणारी गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते, आणि आपल्याकडच्या अठ्ठावीस मीटरांत वळणावरची खडी, रंग उडालेला गतिरोधक, म्हैस आणि उलट दिशेने येणारा दूधवाला यांपैकी काहीही असू शकते.

मान्य आहे, की दुचाकीवर मरणारे बहुतेक लोक साध्याच गाड्यांवर असतात आणि कधीकधी चूक खड्ड्याची किंवा ट्रकची असते. मान्य आहे. पण मित्रा, त्या खड्ड्यावर तुझ्या मुलाचा इलाज नाही. ॲक्सिलरेटर पिळणाऱ्या स्वतःच्या उजव्या मनगटावर आहे.

इथवर लिहिताना राग बराच उतरला, हेही सांगतो. त्या छायाचित्रातला मुलाचा चेहरा पुन्हा पाहिला. पहाटे रिकाम्या रस्त्यावर गाडी वळणात झुकते तेव्हा काय वाटते, ते मला ठाऊक आहे. हाड जुळल्यावर चौथ्याच महिन्यात मी पुन्हा गाडीवर बसलो होतो आणि त्याबद्दल आई माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. त्यामुळे गाडी विकून टाक, असे मी म्हणणार नाही. तशी गाडी माझ्याकडे असती, तर मीही विकली नसती.

मित्रा, वीस लाखांच्या घरात तू गाडीवर खर्च केलेस. आता त्यातला जेमतेम एक तुकडा हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि कोपर-खांद्यांना कवच असलेले जॅकेट यांवर खर्च कर, आणि कोइमतूरला किंवा चेन्नईजवळ ट्रॅकवर शिकवतात तिथे त्याला पाठव. तोवर घाट नको, मित्रांची टोळी नको. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीमागच्या त्या रिकाम्या पडलेल्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर मी येतो. ताशी तीसवरून थांबणे, मग चाळीसवरून, मग पन्नासवरून, एवढेच करू. तो कंटाळेल, “काका, हे काय” म्हणेल, म्हणू दे. तूही ये. येताना हेल्मेट आरशाला अडकवून आणू नकोस, आणि तुझ्याकडच्या पेढ्यांतले चार माझ्यासाठी राखून ठेव.