खुलासा : कुत्र्याचं महिन्याचं पिल्लू घरी आणू नका

"तीस दिवसांचं पिल्लू आणा, तरच ते माणसाळतं, गाईचं दूध पाजा," असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, त्याबद्दल माफी मागते.

२०१७च्या केंद्रीय श्वान प्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. त्यामागे कारण आहे. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ थांबतो. दात किती लावायचे हे पिल्लू तिथंच शिकतं. आईपासून लवकर तोडलं तर हे शिकणं अर्धवट राहतं. माणसाळायला तर १२ आठवड्यांपर्यंत चांगला काळ असतो, त्यामुळे घाई नको. गाईच्या दुधानं अनेक पिल्लांना जुलाब होतात, आणि एवढ्या लहान जिवाला ते झेपत नाहीत.

आमचं पिल्लू आणताना त्याच्या आईच्या अंथरुणातलं फडकं मागून घेतलं होतं. पहिल्या रात्री कुंई-कुंई करत ते त्यातच तोंड खुपसून झोपलं.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्यांकडूनच घ्या. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.