हमरची बटणं आणि माझी सॉल्स्टिस

इथे अमेरिकेत आमच्या गराजमध्ये २००७ ची पाँटियाक सॉल्स्टिस आहे. दोन सीट, उघडणारं टप, डिकीत पेट्रोलच्या टाकीचा उंचवटा. टप उघडून आत घातलं की उरलेल्या जागेत फार तर रुमाल मावेल. मंडळाच्या गणपतीला ती नेली की कुणीतरी तोच ठेवणीतला टोमणा काढतोच: "जनरल मोटर्सच्या गोडाऊनमधलं उरलंसुरलं जोडून केलेली ना ही?"

हो, तीच. पाँटियाक हा जनरल मोटर्सचाच ब्रँड, म्हणून पार्टही घरातल्याच दुसऱ्या गाड्यांचे. गिअरबॉक्स शेव्हर्ले कोलोरॅडो पिकअपचा, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल कॅडिलॅक सीटीएसचा, फॉग लॅम्प पाँटियाकच्याच ग्रँड प्री गाडीचे, रिव्हर्स लाइट जीएमसी एन्व्हॉयचे, सीटचा सांगाडा ओपेल कोर्साचा. एसीची बटणं हमर या धिप्पाड एसयूव्हीची आहेत हे कळलं तेव्हा मीच हसलो होतो. सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या आत बसवायची तर असंच करावं लागणार. चार साड्यांची गोधडी म्हणा हवं तर. ऊब लागते ना?

२००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, पाँटियाकवर फुली पडली आणि जुलैत ही गाडी बनवणारा विल्मिंग्टनचा कारखाना बंद झाला. तरी माझी गाडी चालते, ती या उसनवारीच्या जिवावरच. डिफरन्शियलचं सील गळायला लागलं, तर दोन दिवसांत मिळालं. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गेला, तोही मिळाला. (तो बसलाय गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेच्या आकाराच्या कव्हरात. म्हणजे चिमूटभर पार्टसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. मजुरीचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही.) २.४ लिटरचं इकोटेक इंजिन तर कितीतरी साध्या गाड्यांत आहे. त्याला हात लावायला कुठलाच मेकॅनिक घाबरत नाही.

रडवतं ते तिचं स्वतःचं जे आहे ते. पाण्याच्या दाबाने घडवलेले ते गोलसर पत्रे दुसऱ्या कुठल्याच गाडीचे नाहीत. सख्खी बहीण सॅटर्न स्काय, पण तिचेसुद्धा बसत नाहीत. मागचे दिवे तसेच. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये कुणीतरी डावा दिवा ठोकून पसार झालं. नवा मिळेना, जंकयार्डवाल्याने जुन्याचा जो भाव सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला. टोमणे मारणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, गाडीच्या ज्या भागांचे फोटो काढता, ते मला महिनोन् महिने हुडकायला लावतात. ज्या उसन्या भागांना हसता, त्यांच्यावर ती चालते.

तेव्हा बाबा नागपूरहून आले होते. एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमधून निवृत्त. उकिडवं बसून त्यांनी गाडी खालून न्याहाळली. कुठलं काय कुणाचं, ते मी सांगत होतो. म्हणाले, "मग? आम्ही काय केलं जन्मभर? चेसिस लेलँडची, नाहीतर टाटाची. बॉडी आमची." दिवा हातात घेऊन तुकडे जुळवून पाहिले आणि विचारलं, "इथे अरल्डाइट मिळतं का रे?"

अरल्डाइटसारखं एपॉक्सी अमेझॉनवर मागवलं. विल्मिंग्टनमध्ये जिथे ही गाडी बनली, तो कारखाना पाडून त्याच जागेवर २०२१ मध्ये अमेझॉनचं भलंमोठं गोदाम उभं राहिलं. आमचं पुडकं तिथूनच आलं असेल असं मी धरून चाललोय, तपासलेलं नाही.

दिवा टिकलाय. पाऊस पडला की आत थोडी वाफ धरते.