एकादशीला नोबेल मिळालेलं नाही, आणि आत्या, गोळीशी खेळू नकोस

गेल्या आठवड्यात सांगलीहून आत्याचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. सकाळी शुगरची गोळी घेतली आणि मग दिवसभर पाण्याचा थेंबही नाही. संध्याकाळी दरदरून घाम, हातपाय थरथरायला लागले, शेजारच्या मुलाने मशीन लावून बघितलं तर ५४. सत्तरच्या खाली गेली की लो शुगर, हे आत्याला पाठ आहे. तरी का केलंस म्हटलं, तर म्हणे "अगं तुझ्या मद्रासकडचे सगळे असंच करतात, मेसेज आलाय."

मेसेज मागवला. मुरुगनचा, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा फोटो, खाली लिहिलंय की तामिळनाडूत दर महिन्याला सात चांद्रतिथींना कडक उपवास करतात, अमावस्या, पौर्णिमा, एकादशी, प्रदोष, षष्ठी, संकष्टी, कृत्तिका. त्यामुळे तिकडे डायबेटिस नाही. सात उपवास केले की तीन महिन्यांत गोळ्या सुटतात. हे सिद्ध केल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. षष्ठी केली की मूल होतं, पौर्णिमेला डोंगराला फेरी मारली की चंद्राचे किरण रक्त शुद्ध करतात, अमावस्येला मात्र काही नवीन करू नये, दिवस वाईट. दहा ग्रुपला पाठवा.

आत्याला गोळी सोडायचा धीर झाला नाही म्हणून तिने गोळी घेऊन निर्जळी केली. सोडली असती तर शुगर वर गेली असती, घेतली म्हणून खाली गेली. मेसेज लिहिणाऱ्याला दोन्हीचं काही पडलेलं नाही.

आधी नोबेल, कारण शिकलेली माणसं तिथेच फसतात. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं. कशाबद्दल? पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग मोडून परत वापरते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात, ती यंत्रणा कशी चालते हे शोधल्याबद्दल. आणि त्यांनी ते शोधलं यीस्टमध्ये. पाव फुगवतो ते यीस्ट. त्याला उपाशी ठेवून त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि पुढे त्यामागची जीन्स शोधली. म्हणजे एकादशी घडली ती यीस्टला, कुठल्या माणसाला नाही, आणि यीस्ट काही ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगरची गोळी, घेत नव्हतं. त्या शोधात एकादशी नाही, तामिळनाडू नाही, डायबेटिसची गोळी सोडा असं तर कुठेच नाही.

आता "तामिळ माणसाला डायबेटिस नाही". हे वाचून मी खरंच हसले, कारण चेन्नईतल्या माझ्या गल्लीत भाजीवाल्यापेक्षा शुगर तपासणाऱ्या लॅब जास्त आहेत. पण गल्लीचं जाऊ दे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिचा इंडियाब म्हणून मोठा सर्व्हे आहे, तो चेन्नईच्याच मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने केलाय, २०२३ मध्ये लॅन्सेटच्या डायबेटिसवरच्या जर्नलमध्ये आला. देशात सरासरी ११.४ टक्के लोकांना डायबेटिस. सगळ्यात वर गोवा २६.४, आणि त्याला अगदी खेटून पुदुच्चेरी २६.३. पुदुच्चेरीत काय बोलतात? तमिळ. तिथेही प्रदोषाला नंदीला दुधाचा अभिषेक होतो, तिथेही मुरुगनची देवळं आहेत, आणि तरी चारातल्या एकापेक्षा जास्त माणसांना शुगर आहे. उपवासाने डायबेटिस होतो असं मी म्हणत नाहीये (नाहीतर उद्या तोही फॉरवर्ड येईल), पण "तिकडे नाहीच" हे तरी बंद करा.

आणि "कडक उपवास"? नऊ वर्षं चेन्नईत मैलापूरला राहतेय, समोरच्या मामींच्या घरची अमावस्या मला आता कॅलेंडर न बघता कळते, कारण त्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात कोलम नसतो. एरवी पाच वाजता पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाची रांगोळी, त्या दिवशी उंबरा कोरा. मामा तीळ-पाणी घेऊन तर्पण करतात. स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, कच्च्या केळ्याची परतलेली भाजी, डाळ, वडा, मुगाच्या डाळीचं पायसम. मग मामी गच्चीवर भात-तूप घेऊन जातात आणि "का, का" करून हाका मारतात. कावळा खाल्ल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, आणि चेन्नईचा कावळा भाव खातो, मी स्वतः बघितलंय, साडेबारा झाले तरी साहेब पाण्याच्या टाकीवरून हलत नाहीत. पण कावळ्याने चोच मारली की पान वाढलं जातं आणि सगळे पोटभर जेवतात. मामींनाही शुगर आहे. कावळ्याची वाट बघायची असली की त्या गोळी पानावर बसतानाच घेतात, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. आणि नवरा असलेल्या बाईने अमावस्येचा उपवास धरू नये असंच तिकडे मानतात, म्हणजे मेसेजमधला पहिलाच उपवास मामींनी केला तर त्यांच्या सासूबाई रागावतील.

एकादशीचंही तसंच. मार्गळी महिन्यातली वैकुंठ एकादशी मोठी, श्रीरंगमच्या देवळात परमपद वासल म्हणजे वैकुंठाचं दार उघडतात त्या दिवशी, तेव्हा करणारे कडक करतात, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी द्वादशीला सकाळी लवकर पारणं, त्यात अगत्ति कीरै म्हणजे आपल्या हादग्याचा पाला आणि आवळा हवाच. मेसेजवाल्याने उपवास घेतला आणि पारणं गाळलं.

"सात चांद्रतिथी" हेही कच्चंच. कृत्तिका तिथी नाहीच, नक्षत्र आहे. आणि तमिळ महिने सौर असतात, १४ एप्रिलच्या सुमाराला चित्तिरै सुरू, त्या सौर महिन्यात जी अमावस्या पडेल ती त्या महिन्याची. म्हणून २०२३ मध्ये आडी महिन्यात दोन अमावस्या आल्या, १७ जुलै आणि १६ ऑगस्ट, आणि आडी अमावासै नक्की कोणती यावर तिकडे चर्चाच चर्चा. त्यातली १७ जुलै आपल्याकडे काय होती आठवतंय? गटारी! इकडे मटणाच्या दुकानासमोर रांग, तिकडे रामेश्वरच्या अग्नितीर्थावर पितरांना तर्पण द्यायला रांग.

आणि अमावस्या वाईट दिवस? हे तर पूर्ण आपल्याकडचं चिकटवलंय. तमिळ घरात अमावस्या म्हणजे 'निरैंद नाळ', भरलेला दिवस, पितर पाठीशी असतात म्हणून. दुकान उघडतात, गाडी घेतात. मी फ्लॅटचा ॲडव्हान्स द्यायला अमावस्या नको म्हटलं तेव्हा घरमालक माझ्याकडे बघतच राहिले.

चंद्रकिरणांवर वेळ घालवत नाही. तिरुवण्णामलैचं गिरिवलम, म्हणजे मेसेजमधली डोंगराची फेरी, १४ किलोमीटरचं आहे, एवढं अनवाणी चाललात तर काहीतरी फायदा होणारच, ढग असले तरी. षष्ठीचं मूळ एका म्हणीत आहे, "चट्टियिल इरुंदाल अगप्पैयिल वरुम", मडक्यात असेल तर पळीत येईल, म्हणजे आपलं आडात नाही तर पोहऱ्यात कुठून. भाविक लोक 'चट्टि'चं षष्ठी आणि 'अगप्पै'चं गर्भ करतात. शब्दांचा खेळ गोड आहे, पण मूल होत नाही म्हणून आधीच रडकुंडीला आलेल्या माझ्या चुलत बहिणीला तो मेसेज पाठवणाऱ्याला काय म्हणावं.

बरं, एक मान्य करते, नाइलाजाने. महिन्यातून दोन-चारदा हलकं, एक वेळ, बिनतळणाचं खाल्लं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं, आणि काही डॉक्टरही गोळ्यांचा हिशोब बसवून पेशंटला उपवास करू देतात. त्यातला "गोळ्यांचा हिशोब बसवून" हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं, अर्धा तास. शेवटी म्हणाली, "मग शनिवारी प्रदोष आहे तो करू की नको?" म्हटलं कर, देवळात जा, बेल वाहा, पण दुपारी जेवून, आणि त्याआधी डॉक्टरांना फोन. हो म्हणाली. मेसेज डिलीट कर म्हटलं तर ते मात्र नाही केलं, म्हणे त्यात मुरुगनचा फोटो आहे, देव कसा पुसू.